नाना खुर्चीतच आहेत

गेल्या हिवाळ्यात साखर वाढून नानासाहेब भर बाजारात चक्कर येऊन पडले, आणि त्या दिवसापासून घरातला हुकूम त्यांच्याकडून सूनबाईंकडे गेला. तोवर ह्या घरात नानांचाच, उत्तरेतल्या गुरसरायच्या जहागिरीतला जुना आवाज चालत असे. कुसुमावतींनी त्यांचं एकट्यानं बाहेर जाणं बंद केलं, दिवाणखान्यात कॅमेरा लावला आणि सदर बाजारातल्या विमा कार्यालयात बसून त्या मोबाइलवर सासऱ्यांना बघू लागल्या. नानांचा जीव घुसमटला. गोड बंद झालं ते त्यांनी कसंबसं सोसलं असतं, पण चार माणसांत उभं राहून गप्पा मारणं बंद झालं, ते काही सोसेना.

सुदैवानं कॅमेऱ्याचं चित्र सारखं अडकायचं. दुर्दैवानं त्यांचा नातू चैतन्य एम.टेक.ला नेमका ह्याच विषयावर काम करत होता. त्यानं लॅपटॉप काढला आणि नानांना समजावायला बसला.

"नाना, तुमचा चष्मा हरवला की तुम्ही काय करता?"

"तुझ्या आईला विचारतो."

"उससे पहले?"

"कपाळावर हात फिरवतो."

"बस, हेच!" चैतन्य खूश झाला. कॉम्प्युटर चित्राचे बारीक चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोन आधीच्या चित्रात कुठे होता ते शोधत बसतो. सगळं चित्र धुंडाळायला गेला की दमतो, आणि मग चित्र अडकतं. चैतन्यनं त्याला आधी जागच्या जागी, मग आजूबाजूला बघायला शिकवलं. सापडलं की शोध बंद. चित्र बरंच सुधारलं.

पण हुशार मुलांना बऱ्यापैकी सुधारणा पुरत नाही. चैतन्यनं आठवडाभर पाहणी केली आणि त्याच्या ध्यानात आलं की जेवणानंतर चहापर्यंत नाना खुर्चीतून हलतच नाहीत. मग त्या वेळात खुर्चीच्या चौकोनांकडे बघायचं तरी कशाला? आधीचंच चित्र पुढे चालवायचं, सगळी मेहनत वाचली. इथवर ठीक होतं. हे त्यानं नानांना उत्साहानं सांगितलं, ही मात्र चूक झाली.

"मतलब मी खुर्चीत दिसतच राहणार?" नानांनी विचारलं.

"हो नाना, एकदम साफ."

"वा," नाना म्हणाले. "शिकलास हो पोरा."

पुढले काही दिवस कुसुमावती फार समाधानात होत्या. सासरे शहाण्यासारखे खुर्चीत बसलेले दिसत. मग एका दुपारी त्यांनी मोबाइल उघडला तेव्हा मोलकरीण विमलाबाई दिवाणखाना झाडत होत्या. झाडून झाल्यावर त्यांनी फडकं घेतलं आणि चक्क नानांच्या खुर्चीवर हात फिरवला. तो हात नानांच्या एका बाजूला दिसेनासा झाला आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आला. नाना जरासुद्धा हलले नाहीत.

कुसुमावतींनी घाईघाईनं नानांना फोन लावला. तिपाईवरचा फोन उजळलेला त्यांना दिसला. नानांनी मानही वळवली नाही. चैतन्यचा फोन बंद, कारण तो नेमका त्या वेळी कॉलेजात आपल्या रमाकांत सरांना हेच काम दाखवत होता. विमलाबाईंचा फोन नेहमीप्रमाणे त्यांच्या घरी चार्जिंगला होता.

नाना खुर्चीतच गेले की काय! कार्यालयातल्या साहेबांना, म्हणजे सुभाषचंद्रजींना विचारायलाही न थांबता कुसुमावती पर्स तशीच टाकून मोबाइलसकट खाली धावल्या. ऑटोवाल्याला त्यांनी घराकडचा सिपरी बाजार सांगितला. ऑटो निघाला आणि पहिल्याच वळणावर, हलवायाच्या दुकानापुढच्या गर्दीत अडकला. डोळे पुसत त्यांनी वर पाहिलं. बाकावर ऐसपैस बसून, हातातली जिलबीच्या जातीची इमरती हलवत, नानासाहेब चार जणांना काहीतरी सांगत होते.

कुसुमावतींनी मोबाइलकडे बघितलं. नाना खुर्चीत होते. समोर बघितलं. नाना इमरती खात होते.

"नाना!"

नाना दचकले, पण सावरले. "मी घरी आहे, सूनबाई," ते शांतपणे म्हणाले. "मोबाइलमध्ये बघ."

"अरे बहूजी, नानाजी तो रोज आते हैं इस टाइम," हलवाई कौतुकानं म्हणाला. नानांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो कढईकडे वळला.

आता भांडण होणार म्हणून चौघं सरसावून बसले. पण कुसुमावती मटकन बाकावर बसल्या आणि रडू लागल्या. त्यांना काय वाटलं होतं ते त्यांनी हुंदके देत सांगितलं. नानांचा चेहरा उतरला. त्यांनी उरलेली इमरती द्रोणात ठेवली आणि द्रोण लांब सरकवला.

"रडू नकोस गं," ते म्हणाले. "जायचंच झालं तर मी त्या खुर्चीत नाही जायचो. इथं जाईन, चार माणसांत."

कुसुमावतींना रडता रडता हसू आलं. ऑफिसात परत जाताना, का कोण जाणे, उरलेली इमरती त्यांनीच संपवली.

संध्याकाळी चैतन्य नाचतच घरी आला. सर खूश होते, कॉम्प्युटरचं काम निम्म्यावर आलं होतं. आईनं दुपारची हकिगत सांगितली तेव्हा तो लॅपटॉपशेजारी गपकन बसला. मग तह झाला. नानांनी रोज थोडा वेळ बाहेर जावं, फोन खिशात ठेवून आणि सांगून. बाकावर बसावं, गप्पा माराव्यात, इमरतीला हात लावू नये. नानांनी शेवटच्या कलमावर बराच वाद घातला आणि हरले.

"आई, मैं अभी वो रुके हुए चौकोन हटा देता हूँ," चैतन्य पडेल आवाजात म्हणाला.

कुसुमावती जरा घुटमळल्या. दुपारी सुभाषचंद्रजींनी कार्यालयाच्या कॅमेऱ्यात त्यांची रिकामी खुर्ची पाहिली होती आणि परतल्यावर सगळ्यांसमोर जाब विचारला होता.

"इथले काढ," त्या हळूच म्हणाल्या. "पण आमच्या ऑफिसातही एक कॅमेरा आहे, अगदी माझ्या टेबलासमोर. आणि जेवणानंतर मीही फारशी हलत नाही."