शनिवारचे प्रमुख पाहुणे

ज्या माणसाशी रोज जिन्यात गाठ पडते त्याच्यावर प्रेम करणे कठीण असते. राष्ट्रावर करणे त्यामानाने सोपे, कारण राष्ट्र आपल्या दारासमोर ओली छत्री वाळत घालत नाही. या सनातन सत्याच्या पायावर आमचे श्रद्धा व राष्ट्रनिष्ठा मंडळ उभे आहे. मी मंडळाचा चिटणीस. देव, देश आणि दूरचे एक ज्यू मित्रराष्ट्र या तिघांवर मंडळाचे निस्सीम प्रेम आहे (क्रम दरवर्षी सर्वसाधारण सभेत ठरतो).

मित्रराष्ट्राविषयीचे आमचे ज्ञान सखोल आहे. मी जातीने केलेल्या पाहणीनुसार ६८ टक्के सभासदांना ते नकाशावर बिनचूक दाखवता येते, २७ टक्के जवळच्या समुद्रापर्यंत पोचतात आणि उरलेले पाच टक्के म्हणजे आमचे खजिनदार. त्या देशाचे राष्ट्रगीत आम्ही प्रत्येक बैठकीत उभे राहून गातो. शब्द कोणालाच येत नसल्याने डोळे मिटून गुणगुणतो. गेल्या वर्षी एका नव्या माणसाने ही चाल भलत्याच देशाच्या गीताची असल्याची शंका काढली. त्याला सभासदत्व नाकारण्यात आले. पाच वर्षे दाटून आलेले गळे परत थोडेच घेता येतात?

अशा या मंडळाला सहाव्या वर्षी साक्षात्कार झाला. आमच्या कचेरीच्या बरोबर खाली चष्म्याचे दुकान आहे. दुकानामागच्या दोन खोल्यांत चष्मेवाले काका आणि त्यांची थोरली बहीण राहतात. बहिणीला मुळीच दिसत नाही (यावर गल्लीत करायचे ते सर्व विनोद करून झाले आहेत). पण त्या दोन खोल्यांत ती अशी वावरते की नवख्याला संशयही येऊ नये. चहाचा डबा, खिडकीची कडी, भावाचा खांदा, सगळे तिच्या हाताला पाठ.

एका शुक्रवारी संध्याकाळी वायरमन कचेरीत आला आणि हसत म्हणाला, "खालच्या काकांची गंमतच आहे. उद्या अंधार पडेपर्यंत बटणाला हात लावणार नाहीत म्हणे. ज्यू आहेत ना ते!"

मग जो जल्लोष झाला तो काय वर्णावा! अध्यक्षांनी खजिनदारांना कडकडून मिठी मारली. दोघांत वर्षभर अबोला होता. "अरे, आपल्या पायाखाली! इतकी वर्षं!" असे ओरडत सगळे जिन्यावरून धावत सुटले. काकांना वाटले, वर आग लागली. त्यांनी आधी बहिणीचा हात धरला आणि मग दार उघडले. त्या दारातच काकांचा हात अकरा जणांनी हातात घेऊन हलवला. त्यांपैकी चौघे तर रोज त्यांच्याच चष्म्यातून जग बघत होते.

तत्काळ ऐक्यदिन साजरा करण्याचे ठरले. शनिवार हा ज्यूंचा पवित्र दिवस असल्याचे खजिनदारांनी कुठेसे वाचले होते, म्हणून पुढचा शनिवारच मुक्रर झाला. पावित्र्यात उणे काही राहू नये यासाठी सकाळी नऊपासून बँड, सहा कर्णे (पैकी दोन, आपुलकी म्हणून, काकांच्या खिडकीला), उघड्या जीपमधून मिरवणूक आणि भर दुपारी मित्रराष्ट्राच्या झेंड्यावरचा तारा पाच हजार दिव्यांत, अशी योजना होती. प्रमुख पाहुणे काका. ताऱ्याचे बटण त्यांनीच दाबायचे.

निमंत्रण द्यायला अध्यक्षांबरोबर मी गेलो होतो. अध्यक्ष इमारतीचे मालकही आहेत, त्यामुळे त्यांच्या निमंत्रणाला एक वजन असते.

"शनिवारी नाही जमायचं," काका म्हणाले.

"अहो काका, तुमचाच दिवस, तुमचाच तारा, तुमचाच देश!"

"देश माझा हाच, साहेब. माझे आजोबासुद्धा इथेच जन्मले. त्या देशाचं भलं व्हावं असं मलाही वाटतं, रोज देवाजवळ मागतो. पण शनिवारी माझ्या घरी पाहुणा असतो. तो आला की मी घर सोडत नाही."

"मग त्यांनाही आणा की! जीपमध्ये मागे जागा आहे."

आतून बहिणीच्या हसण्याचा आवाज आला. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. काकाही हसले. अध्यक्ष हसले नाहीत, कारण काय झाले ते त्यांना कळले नव्हते (पाहुणा म्हणजे तो पवित्र दिवसच, हे मलाही मागाहून कळले).

"रविवारी ठेवा ना," काका म्हणाले. "बटण काय, मी जीपसुद्धा ढकलतो."

"रविवारी बँडवाले मोकळे नाहीत," अध्यक्षांनी सांगितले. धर्माच्या बाबतीत बँडवाल्यांचा शब्द अखेरचा असतो.

ऐक्यदिन अपूर्व झाला. प्रमुख पाहुणे म्हणून नाटक कंपनीतला एक नट दाढी लावून बसवला. मंडळाच्या मनातल्या ज्यूशी तो हुबेहूब जुळत होता. काका बिचारे कधीच जुळले नव्हते. त्याने बटण दाबले. रणरणत्या उन्हात दिवे लागले की नाही याबद्दल मतभेद आहेत, पण श्रद्धा असलेल्यांना ते दिसले. आनंद इतका ओसंडत होता की अध्यक्षांनी बँडवाल्याचा ढोल हिसकावून स्वतःच वाजवला आणि खजिनदार जीपच्या टपावर नाचले (जीपला टप नव्हता, हे त्यांना नाचू लागल्यावर कळले). मी कर्ण्याची तार सरळ करायला काकांच्या खिडकीशी गेलो. आत दोघे कानांत कापूस घालून, हातात हात धरून बसले होते आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी गात होते. मला फार वाईट वाटले. तेवढ्यात बँड पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी तातडीची सभा भरली. ज्यूंच्या पवित्र दिवशी, ज्यूंच्या सन्मानार्थ भरलेल्या समारंभाला एक ज्यू गैरहजर राहतो, ही मित्रराष्ट्राशी उघड प्रतारणा असल्याचे ठरले. दुकान व खोल्या रिकाम्या करून तेथे मैत्री दालन उभारावे, असा ठराव आला. काकांना बाजू मांडायची संधी देण्यात आली.

"मी कुठेही बसून चष्मे करीन," ते म्हणाले. "पण ताईला या खोल्या पाठ आहेत. नव्या जागी तिला खरंच काही दिसणार नाही."

हा मुद्दा भावनिक असल्याने कार्यकक्षेबाहेर ठेवण्यात आला. ठराव एकमताने मंजूर झाला. एकमतात माझेही मत होते.

सामान फार नव्हते. काकांनी एका हाताने ट्रंक ओढली आणि दुसऱ्या हाताने ताईंना धरले. फाटकाशी दोघांना थांबावे लागले, कारण दोन्ही हात गुंतल्यावर कडी काढता येत नाही. ते बराच वेळ तसेच उभे होते. गल्लीत कोणी उतरले नाही, कोणी हूं की चूं केले नाही. पडदे तेवढे हलले. तिसऱ्या मजल्यावरच्या फुलाफुलांच्या पडद्यामागे, वाचक महाशय, आपण होता, हे मी खालून पाहिले. आपण होता म्हणूनच सारे शांततेत पार पडले. मैत्री दालनाच्या उद्घाटनाला पहिल्या रांगेतली खुर्ची आपल्यासाठी राखून ठेवली आहे.