वजनाप्रमाणे जागा

"आपलं विमान दहाला म्हणजे दहाला उडणार. घड्याळं लावून घ्या," असं सेमिसीने रविवारी चर्चबाहेर सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं. एकोणीस वर्षं बंदरावर पोती वाहून त्याची कंबर कामातून गेली होती. आता टोंगातल्या व्हावाऊ बेटावर नवी स्वस्त विमानकंपनी आली होती आणि त्याला काउंटरमागची खुर्ची मिळाली होती. त्या खुर्चीवर त्याचा फार जीव होता. ऑकलंडहून आलेल्या कंपनीच्या व्यवस्थापक ग्लेनिसबाईंनी एवढंच बजावलं होतं, की पहिलं विमान वेळेवर गेलं तरच खुर्ची कायम.

पलीकडच्या काउंटरवर जुन्या कंपनीची कालोलाइने बसायची. ती सेमिसीची मावसबहीण. टोंगात चुलत-मावस सगळी सख्ख्यातच मोडतात, आणि जाणते झालेले बहीणभाऊ शेजारी शेजारी बसत नाहीत. त्यामुळे दोन काउंटरांमधल्या जाड खांबाचा सेमिसीला मोठा आधार होता.

पहिल्या विमानाच्या दिवशी कालोलाइनेपुढे चिटपाखरू नव्हतं. अर्ध्या भाड्यापायी तिचे नेहमीचे प्रवासी तिच्यासमोरून माना खाली घालून गेले.

"जा बाबांनो, स्वस्तात जा," ती नखं बघत म्हणाली. "उतरल्यावर कळवा, पोचलात तर."

विमान छोटं, तोल सांभाळावा लागे, म्हणून सेमिसीने एकेकाला वजनकाट्यावर उभं केलं. यंत्राने वजनं जुळवून एकोणीस जणांना जागा नेमून दिल्या. दहाला वीस मिनिटं असताना होपोआते नावाचा प्रवासी विमानातून खाली उतरला.

"काय झालं?" ग्लेनिसबाईंनी विचारलं.

"शेजारी लाविनिया आहे."

"भांडण आहे का तुमचं?"

"छे हो. बहीण आहे."

बाईंना काही उमगेना. सेमिसीने होपोआतेला मागच्या रांगेत पाठवलं, तर तिथली त्याची चुलतबहीण उठली. तिला पुढे आणलं, तर तिचा भाऊ उठला. एक माणूस हलवावा तर दोन नाती निघत. बघता बघता निम्मं विमान मागे जाऊन उभं राहिलं आणि वैमानिक ओरडला, "अरे, शेपूट जड झालंय!" एकोणिसांत चौदा भावंडं निघाली होती. सेमिसीचा शर्ट घामाने अंगाला चिकटला.

सात मिनिटं उरली तेव्हा कालोलाइने उठली आणि विमानापाशी आली. भावाकडे न बघता ती बाईंना म्हणाली, "तो वजनांचा कागद द्या इकडे."

तिने पेन्सिल चालवायला सुरुवात केली. "होपोआते पाद्रीबाबांशेजारी. लाविनिया सासूजवळ, तोंडं वाकडी करतील पण बसतील. हा जाड्या फेकी पुढे. तो परक्या बेटावरचा, त्याची इथे बहीणच नाही."

वैमानिकाने मान डोलावली. दहाच्या ठोक्याला विमान उडालं.

"हे कुठे शिकलात?" बाईंनी थक्क होऊन विचारलं.

"बावीस वर्षं हेच करतेय. तिकीट काय, कोणीही फाडेल."

बाईंनी तिला तिथल्या तिथे दीडपट पगारावर नोकरी दिली. सेमिसीलाही त्यांनी कायम केलं. बाई शब्दाच्या पक्क्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सेमिसी नवा टाय लावून आला. काउंटरमागे दोन खुर्च्या एकमेकींना चिकटून मांडल्या होत्या आणि एकीवर कालोलाइने बसली होती. तो दारातच थबकला. मग त्याने टाय सोडून खिशात घातला आणि ग्लेनिसबाईंना खालच्या आवाजात विचारलं, "बाई, सामान चढवायला माणूस लागेल ना तुम्हाला?"