झूल बेपत्ता, मुक्काम पोस्ट मुरुड

गूगलवर माझं नाव टाकून बघा. विरूपाक्ष हलकुडे, गुप्तहेर, लातूर. निलंग्याचे एक खतविक्रेते हलकुडे येतील, एक दातांचे डॉक्टर हलकुडे येतील, मी येणार नाही. ज्याला कुणी शोधू शकत नाही तोच खरा गुप्तहेर, आणि या कसोटीवर मराठवाड्यात माझ्या तोडीचा माणूस नाही. असलाच तर तोही सापडत नसणार, त्यामुळे हा दावा आजवर कुणाला खोडता आलेला नाही.

विरूपाक्ष हे शंकराचं नाव. ज्याचे डोळे इतरांसारखे नाहीत तो. शंकराला तीन, मला चष्मा धरून चार. आडनाव हलकुडे असलं तरी कुठलीही केस मी हलक्यात घेत नाही. माझे सहाय्यक धम्मानंदराव मूळचे किनवटचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. माणूस खोटं बोलतोय हे त्यांना चेहऱ्यावरून कळतं, विशेषतः पोराचं वय सांगताना. माझं कार्यालय पहिल्या मजल्यावर आहे. खाली झेरॉक्सचं दुकान आहे, तेही माझंच, पण त्याचा इथे संबंध नाही.

संबंध एवढाच की लातूरजवळच्या मुरुडचे उमाशंकर अप्पा शेटे आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आले आणि मशीन गरम होईपर्यंत बोलत बसले. त्यांचं बैलांच्या साजाचं दुकान. घुंगरमाळा, गोंडे, कासरे, वेसणी, आणि सगळ्यात नावाजलेल्या म्हणजे आरशांच्या झुली. झुली त्यांची मुलगी वर्षाराणी शिवते.

"पोरीनं साइट केली," अप्पा म्हणाले. "होळीपासून हाय. पन गूगलवर हुडकलं की येत न्हाई. बेपत्ताच हाय म्हना की."

'बेपत्ता' हा शब्द कानावर पडला आणि मी झेरॉक्स मशीन बंद केलं.

"संशय कुणावर?"

"संशय कशाचा? बैल कमी झाले, साहेब. जो तो ट्रॅक्टर घ्यायलाय. बाहेरगावची गिऱ्हाइकं आली तर दुकान चालंल, न्हाई तर पोळा झाला की गाळा मोबाइलवाल्याला द्यायचा म्हनून शब्द देऊन बसलोय. मग पोरीची मशीन माळ्यावर. ती तोंडानं काई म्हनत न्हाई, पन दोन घास खाऊन उठती."

पोळ्याला तीन आठवडेही उरले नव्हते. मी केस घेतली. अप्पांची झेरॉक्स तेवढी राहिली.

दुसऱ्याच दिवशी आम्ही मुरुडला पोचलो. वर्षाराणी मशीनवर बसली होती, बाजूला कॉम्प्युटर, कॉम्प्युटरवर दोऱ्याची रिळं. मी भिंगातून पडदा तपासला आणि एक तेलकट ठसा शोधून काढला. धम्मानंदराव म्हणाले, तो माझाच आहे, आत्ताच उमटला.

"काका, साइट गेलेली नाही," वर्षाराणी म्हणाली. "पत्ता टाकला की उघडते. नुसतं 'बैलाची झूल' म्हणून शोधलं तर येत नाही. गूगलचा एक कोळी असतो. तो जाळ्यातनं हिंडत सगळ्या साइटी वाचतो, अन् मग कुणी शोधलं की दाखवतो. आपल्याकडं तो आलाच नाही असं वाटतंय."

मी ताबडतोब वर पाहिलं. छताचे चारही कोपरे संशयास्पद स्वच्छ होते.

"इथली जळमटं कुणी काढली?"

"म्या," आतून महादेवी अक्का आल्या. या अप्पांच्या सौभाग्यवती. "श्रावन हाय. कामून?"

"अक्का, नीट आठवून सांगा. झाडताना एखादा कोळी दिसला होता?"

"एखादा? लई होते. सगळे लोटून दिले उकिरड्यावर."

मी धम्मानंदरावांकडे पाहिलं. धम्मानंदराव रस्त्याकडे बघत होते. कोळी म्हणजे एक प्रोग्राम असतो, हे वर्षाराणीनं मला पुन्हा एकदा सांगितलं, या वेळी हळू.

तोवर जेवणाची वेळ झाली होती. योगायोगानं माझा तपास नेहमी जेवणाच्या वेळेलाच रंगात येतो. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट वरण होतं. "बसा आता, आलाव तर," असं अक्का म्हणाल्या आणि मी बसलो. धम्मानंदरावांनाही त्या बसा म्हणाल्या, पण त्यांनी स्वतःचा डबा उघडला. आदल्या दिवशी बोलावल्याशिवाय कुणाच्या ताटावर बसायचं नाही, असा त्यांचा एक जुना नियम आहे. तपासात असे नियम अडचणीचे ठरतात.

त्याच आठवड्यात वर्षाराणीनं लातूरच्या एका मैत्रिणीला साइट दाखवली. तिनं एका वाक्यात निकाल दिला: साइटचा पाया कच्चा आहे. हे अप्पांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्र्याण्णवच्या भूकंपापासून आमच्या भागात कुणी पाया कच्चा म्हटलं की माणसं आधी अंगणात येतात आणि मग विचार करतात. मी टेप, ओळंबा आणि पहार घेऊन मुरुड गाठलं आणि दुकानाच्या उंबऱ्याशेजारी खणायला घेतलं.

"साहेब, काय करून राहिले तुम्ही?" धम्मानंदराव म्हणाले.

"पाया बघतोय."

"ती साइट वेगळी हाय."

"धम्मानंदराव, साइट म्हटली की पाया आलाच. बांधकामवाल्या कुणालाही विचारा."

मी बाहेर हे मुख्य काम करत असताना वर्षाराणी आत काही किरकोळ दुरुस्त्या करत होती. झुलींचे फोटो तिनं फ्लेक्सवर छापायच्या मापाचे चढवले होते. एकेक फोटो उघडेपर्यंत माणसाचा चहा पिऊन व्हायचा. ते तिनं लहान केले. शिवाय साइटवरच्या प्रत्येक पानाचं नाव 'होम' असंच राहिलं होतं. इतके होम करूनही देव पावला नव्हता. तिनं प्रत्येक पानाला त्यातल्या वस्तूचं नाव दिलं: आरशांची झूल, घुंगरमाळ, रेशमी गोंडे. जी पानं एकमेकांना जोडलेली नव्हती ती जोडली. संध्याकाळी साइट मोबाइलवर चटकन उघडायला लागली. मी खणलेला खड्डा गुडघाभर झाला होता आणि पाया भक्कम निघाला, म्हणजे दोन्हीकडचं काम चोख झालं.

तरीही गूगलवर झूल दिसेना. खड्ड्यात मात्र अप्पा पडले. फार लागलं नाही.

आता एकच शक्यता उरली होती, शत्रूची. 'बैलाचा साज' शोधलं की सगळ्यात वर नांदेडचं एक दुकान यायचं. मालकाचं नाव राजशेखर. जो वर आहे त्यानंच खालच्याला दाबलं असणार, हे साधं गणित आहे. मी धोतर नेसलो, पटका बांधला आणि चाकूरचा शेतकरी बनून नांदेडची एसटी धरली. एसटीत तिघांनी मला लग्नाची वरात कुठं चाललीय असं विचारलं. धम्मानंदरावांना मी नाकाबंदीसाठी बसस्टँडवरच ठेवलं.

राजशेखर गल्ल्यावर बसून वेसणी मोजत होता. माणूस वरवर अगदी भला वाटला, आणि भला वाटणाऱ्यांवर माझी नजर आधी जाते.

"या पाव्हनं. कुठलं गाव?"

"चाकूर. बैलासाठी साज बघायचाय."

"बैल किती दाती हाय? दोन, चार, का सहा?"

असल्या प्रश्नाला गोंधळायचं नसतं. "बत्तीस," मी म्हणालो. "एकही पडलेला नाही."

राजशेखरनं वेसण खाली ठेवली आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यानं मला चहा मागवला. आजारी माणसाला मागवतात तसा, साखर जास्त टाकून.

मी सहज विषय काढला. "तुमची साइट गूगलवर फार वर असते म्हणे?"

"जावयानं करून दिली. मला तर उघडाय बी येत न्हाई." मग तो स्वतःच म्हणाला, "पन झूल पायजे तर माझ्याकडं न्हाई हो तसली. झूल मुरुडची. आरशांचं काम करतात शेटे म्हनून. माझे वडील घ्यायचे त्यांच्याकडून. वडील गेले, त्यांच्यासंगं पत्ता बी गेला. गूगलवर हुडकून हुडकून बेजार झालो, सापडत न्हाई. तुम्ही तिकडचेच, तुम्हाला हाय का ठाऊक?"

सापळा इतका उघड होता की मला त्याची कीव आली. "नाही," मी ठामपणे म्हणालो आणि तिथून निघालो.

दुसऱ्या दिवशी मुरुडला मी सगळ्यांना समोर बसवून अहवाल दिला. मी सापळा कसा ओळखला, शत्रूनं झुलींची कशी खोटी स्तुती केली, पत्ता काढायचा कसा प्रयत्न केला, आणि मी ओठ कसे शिवून ठेवले. वर्षाराणीनं कात्री खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले. माझ्या कामानं माणसं हेलावतात, हे मी पूर्वीही पाहिलंय.

"गिऱ्हाईक पत्ता मागायलंय," अक्का हळूहळू म्हणाल्या, "अन् तुम्ही सांगितला न्हाई?"

"एक अक्षर नाही."

"का?"

"मी चाकूरचा शेतकरी होतो."

अक्कांच्या हातात पोळपाट होता. तो त्यांनी कोपऱ्यात ठेवला, हे मी त्यांच्या संयमाचं लक्षण मानतो. "हे बघा, हलकुडे. तुम्हाला बोलवावं लागत न्हाई. तव्यावर भाकरी पडली की तुम्ही लातूरहून येताव. पन सगळी दुनिया तुमच्यावानी न्हाई. ह्या धम्मानंदभाऊंला बघा, डबा घेऊन येतेत. आवो, घरचा बैल, आपल्याच दावनीचा, त्यालाबी पोळ्याच्या आदल्या दिशी आपन म्हनताव, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. मग तो जेवतो. त्या गूगलला आवतन दिलं का कुनी? का तो बी वासावर येईल म्हनून बसलाव?"

मग वर्षाराणीनं डोळे पुसले.

"आवतन," ती म्हणाली. "तसं असतं, आई. आपली पानं कुठं कुठं हायेत त्याचा नकाशा गूगलला पाठवता येतो. मी पाठवायला गेले होते, तर मुभा नाही म्हणून परत आला. मला वाटलं नेटचाच काही घोळ असंल."

तिनं रिळं बाजूला केली आणि साइटची अंतर्गत मांडणी उघडली. खाली खाली जात राहिली आणि एकदम थांबली. एक लहानसा चौकोन होता, त्यात बरोबरची खूण. शेजारी लिहिलं होतं: शोधयंत्रांनी या साइटवर येऊ नये.

"कुनी केलं हे?" अप्पा उठून उभे राहिले. मी भिंग काढलं.

"मीच," वर्षाराणी म्हणाली. "होळीला. साइट अर्धीमुर्धी होती, एकच झूल होती, ती बी उलटी लागलेली. कुणी बघू नये म्हणून टिक केली. मग काढायची राहूनच गेली."

"म्हंजे," अक्का म्हणाल्या, "दारावर 'येऊ नका' म्हनून पाटी लावायची अन् दारातच वाट बघत बसायचं?"

"हाव, आई."

अक्कांनी पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं त्या रडतायत. मग त्यांचे खांदे हलायला लागले, मग वर्षाराणी हसायला लागली, आणि अप्पा पुन्हा खाली बसून कपाळावर हात मारत हसले. वर्षाराणीनं टिक काढली. नकाशा पुन्हा पाठवला, तो या वेळी गेला. गुन्हेगार घरातलाच आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं, असं मी जाहीर केलं. धम्मानंदराव रस्त्याकडे बघत होते.

पुढचे चार-पाच दिवस काहीच घडलं नाही. मोबाइलवाला गाळ्याचं माप घेऊन गेला. मग एका दुपारी नांदेडहून फोन आला. वर्षाराणीनं तो आम्हाला ऐकू जाईल असा मोठ्यानं लावला.

"मुरुडचे शेटे का? सापडलाव बाप्पा! मी राजशेखर. आरशांच्या झुली पायजेत, हायेत तेवढ्या पाठवा, पोळ्याच्या आत. अन् एक विचारायचं हुतं. बत्तीस दातांच्या बैलाला बसंल अशी झूल असती का तुमच्याकडं? चाकूरचं एक गिऱ्हाईक आलतं. बिचाऱ्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, पन हौस लई."

मी त्या वेळी घुंगरमाळा तपासत होतो.

नंतर किनवटहून फोन आला, उदगीरहून आला, सोलापूर भागातून आला. वर्षाराणीच्या मदतीला शेजारच्या दोन बायका मशीन घेऊन आल्या. अप्पांनी मोबाइलवाल्याला माझ्यासमोर फोन लावला. "शब्द मोडायलोय, माफ करा," एवढंच बोलले आणि ठेवला. मग बराच वेळ ते नुसतेच एका झुलीवरून हात फिरवत बसले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी अंतिम अहवाल घेऊन गेलो, सोबत अप्पांची झेरॉक्स. वाटेत एसटीत धम्मानंदराव म्हणाले, "साहेब, आपल्या हापिसाची साइट हाय न्हवं, ती उघडून बघितली म्या. तिच्यावरबी तीच टिक हाय."

"ती मुद्दाम आहे, धम्मानंदराव. गुप्तहेर गुप्तच असला पाहिजे."

"म्हनूनच आपल्याकडं समदे झेरॉक्सला येतेत," ते म्हणाले आणि सवयीनं पुढचा स्टॉप पुकारला.

शेट्यांची एक बैलजोडी अजून आहे. ती विकत नाहीत म्हणून नातेवाईक हसतात. अंगणात खांदेमळणी चालली होती. अक्का बैलांच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळत होत्या. वर्षाराणीच्या हातात नवी झूल होती आणि ती अक्कांशेजारी उभी राहून भाकरी खात होती, उभ्याउभ्याच, दुसरी संपवून तिसरी. अक्कांनी दोन्ही बैलांच्या कानाशी तोंड नेलं आणि आवतण दिलं. मग हळदीच्या हातांनीच त्या आमच्याकडे वळल्या.

"आज आवतन घ्या," त्या म्हणाल्या, "उद्या जेवायला या."

"साहेब," धम्मानंदराव माझ्या कानाशी लागले, "हे तर बैलाला म्हनतेत."

मी बैलांच्या अगदी शेजारी उभा होतो, त्यामुळे ते नेमकं कुणाला उद्देशून होतं याचा तपास मी केला नाही. दुसऱ्या दिवशी धम्मानंदराव डबा न घेता आले, आणि आम्ही दोघं जेवायला गेलो.