लेबलांच्या पाठीवरचा पोट्टा

आमच्या बिडी कारखान्यात छपाई बिघडलेलं लेबल कुणी फेकलं, की डोमाजी हातातला घास ठेवून धावत. लेबलावरच्या वाघाचा रंग फिसकटला असला तरी पाठ कोरी असे, आणि डोमाजींना जगात कोऱ्या पाठीइतकं प्रिय काही नव्हतं. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, टक्कल पडलेला हा एकटा गडी गोंदियाशेजारच्या फुलचूरला एका खोलीत राहायचा. दिवसभर बिडीच्या कट्ट्यांवर, म्हणजे पुड्यांवर, लेबलं चिकटवायची आणि सुट्टीच्या दिवशी वाया गेलेल्या लेबलांच्या पाठीवर पेन्सिलीनं एक पोट्टा, मिसरूड फुटू लागलेला पोरगा, काढायचा. एका लेबलावर त्याचा पाय इथं, तर पुढच्यावर सूतभर पुढं. अशी शेकडो लेबलं शिवून गड्डी अंगठ्याखालून सोडली की पोट्टा चालायला लागे.

गोंदियात तेव्हा नुकते बोलपट लागू लागले होते. त्यांचं डोमाजींना काडीचं कौतुक नव्हतं. "एवढं कायले बोलाव जी? आपला मुका बरा," म्हणत. गड्डीला दुसऱ्याचा हात लागू देत नसत. आणि अंगठा ठेवण्याआधी ताकीद ठरलेली: "हासू नका जी, पोट्ट्याले लाज वाटते."

आता न हसून करता काय? पाय बांबूसारखे वाढलेले, धोतर मात्र गुडघ्यावरच राहिलेलं. ओठावर मिशी आहे की ताकाचा ओघळ, ते त्यालाही ठाऊक नसावं. समोरून एक पोरगी येते. हा केस चापतो, बोलायला तोंड उघडतो, तर त्याच्या फुटलेल्या आवाजानं झाडावरचे कावळे उडून जातात. घाबरून मागं सरतो तो थेट बैलांच्या टाक्यात. निथळत उठतो, पुन्हा तोंड उघडतो... आणि गड्डी संपते.

"पुढं का झालं जी?"

"लेबलं सरली," डोमाजी म्हणत. तीन वर्षं लेबलं तिथंच सरत होती.

दिवाळीनंतर सौंदडला, त्यांच्या गावी, मंडईची जत्रा भरली. मलाही ते छोट्या रुळांच्या आगगाडीनं घेऊन गेले. आमच्या झाडीपट्टीत मंडईला पाहुणे येतात ते नुसते दंडारीचा नाचगाण्याचा खेळ बघायला नव्हे. सोयरिकीही तिथंच जुळतात. डोमाजी गड्डी दाखवत होते, तेवढ्यात पारबताबाई नावाची एक बाई गर्दी फोडून आली. तिचा सोळा वर्षांचा मुलगा मागं एका दुकानाआड दडला होता, हुबेहूब त्या चित्रातला.

"डोमाजीभाऊ, माह्या पोट्ट्याची खिल्ली काऊन उडवून राहिले? पोट्टीवाले पावने पोट्टीले घेऊन आले आहेत. सोयरीक मोडन ना!"

"बाई, हा तुमचा नोहे. हा मी व्हय."

लोक त्यांच्या पोटाकडे बघून खो-खो हसले. पारबताबाई हसली नाही.

"मंग पुढं? बोलले का तिच्यासंग?"

डोमाजींनी गड्डी मिटली. "नाई. याच मंडईत पाह्यलो होतो. सोयरीक पक्की होती. मनलो, लगन झाल्यावर जलमभर बोलूच. लगनाच्या आधी साथ आली, बाई. घेऊन गेली तिले."

मला स्वतःची शरम वाटली. तीन वर्षं मी पोट धरून हसत होतो.

लग्नाआधी मुलीशी बोलणं रीतीला धरून नव्हतं. तरी पारबताबाईनं दुकानाआड दडलेल्या मुलाला दंडाला धरून पुढं काढलं.

"जाय. बोल तिच्यासंग. पावन्याइले मी सांगन."

पोरगा निघाला. छकड्याच्या जुवाला अडखळला, सावरला, मुलीसमोर जाऊन उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. काहीतरी बोलला. मुलगी पदराआड हसली आणि तिनं मान डोलावली.

डोमाजींना डोळ्यांतल्या पाण्यानं दिसेना. त्यांनी माझा हात घट्ट पकडला.

"बाबू, बोलला का जी पोट्टा?"

"बोलला," मी म्हटलं.

त्यांनी हात सोडला नाही.