न आलेल्यांची आत्या

भागूआत्याला आलेली माणसे दिसत नसत. न आलेली दिसत. लग्नाची पंगत बसली की यजमान माणसे बघून खूश होई आणि आत्या एखाद्या मोकळ्या पत्रावळीकडे बघून विचारी, "कोन राह्यलं?" उत्तराची वाट न बघता ती पायांत वहाणा सरकवून निघे. ताप असो, भाऊबंदकी असो की नुसता आळस असो, राहिलेला माणूस मांडवात येईच. एकदा तिने अर्धी दाढी झालेला माणूस आणला. उरलेली अर्धी मांडवामागे झाली, कारण तिने न्हाव्यालाही आणले होते.

मी मूळचा इंदुरी गावचा. आंदर मावळातल्या या गावी मास्तर म्हणून आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी ही बाई शाळेच्या दारात उभी राहिली. ठेंगणी, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढे कुंकू. मी हजेरी घेत होतो. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "मास्तर, आलेल्यांस्नी काय मोजता? त्ये कुटं पळत्यात? न आलेल्यांस्नी मोजा." त्या दिवसापासून मी तसेच करतो, आणि माझ्या शाळेचा पट कधी गळला नाही हे अभिमानाने सांगतो.

ती कोणाची सख्खी आत्या नव्हती. तिचा नवरा लोणावळ्याच्या इंजिनशेडात फायरमन लागला, पुढे बदली होऊन इगतपुरीला गेला आणि तिथेच त्याने दुसरा संसार मांडला. तो परत आला नाही. गावाने तिच्यासमोर त्याचा विषय काढणे सोडून दिले. जमीन त्याच्या नावावर राहिली. भात लावायची, झोडायची आणि शेतसारा भरायची ती आत्या. कुंकू मात्र कधी लहान झाले नाही.

आता निवडणुकीकडे येतो. लोकलबोर्डाच्या निवडणुकीला आमची शाळा म्हणजे मतदानाचे केंद्र होते. सबंध दिवस तिथे मुख्यतः मी, पाटील, कचेरीतून आलेले साहेब आणि पेटी एवढेच होतो. दुपारी साहेबांनी पेटीला डोके टेकून झोप काढली. कोणी मत टाकायला येऊन त्यांना उठवील अशी भीती नव्हती. पुढे कचेरीतून निरोप आला की पुढच्या खेपेलाही असेच झाले तर आंदर मावळातले हे केंद्र बंद करून कामशेतला नेण्यात येईल.

आत्याला हे कळले तेव्हा ती गोठा झाडत होती. खराटा हातात घेऊनच ती शाळेत आली.

"आमच्या गावचं मत कामशेतच्या बाजारात न्यायचं? तांदूळ हाय का त्यो?"

"आत्या, माणसेच आली नाहीत, तर सरकार काय करणार?"

"कोन राह्यलं?"

"कोण राहिले नाही, ते विचारा."

"कागद घ्या," ती म्हणाली. "चला."

आम्ही घरोघर हिंडलो. माणसे मतदानाला का येत नाहीत, याचा माझा आधीच एक तर्क होता: अंतर लांब, कामाचे दिवस, शिक्षण कमी. कागदावर मी ही तीन कारणे लिहूनही नेली होती. तिन्ही खोडावी लागली.

गेनू म्हातारा म्हणाला, "मागल्या लढाईत असंच नाव लिवून घेतलं आन् पोरं लढाया पार बसऱ्याला न्हेली. मी न्हाई नाव सांगायचा."

आत्याने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. "तुला शिपाई म्हनून न्ह्याया सरकार काय खुळं झालंय? तुला खोकला आला तर बंदूक कोन धरंल?"

दुसऱ्या एकाची अडचण खरी होती. दोन्ही उमेदवार त्याचे पाहुणे. एकाला मत दिले तर दुसरा तोंड फिरवणार. आत्या म्हणाली, "अरं, चिठ्ठी टाकताना कोन बघतंय? टाक मनाला यील त्याला, आन् बाहीर यिऊन दोगांस्नी बी म्हन, 'तुमालाच.'" मी शाळामास्तर असल्याने हे ऐकले नाही असे केले.

पण बहुतेक घरांत एकच उत्तर मिळाले, आणि ते माझ्या तर्कात कुठेच नव्हते. "आमाला बोलावनं कुटं आलं?"

"अहो, चावडीवर नोटीस लावली होती," मी म्हणालो.

"नोटीस चावडीला आली. आमच्या घरी कोन आलं?"

मान्य करावे लागले. चावडीवरचे आमंत्रण घेऊन कोणी मावळकर जेवायलासुद्धा जाणार नाही. घरचे माणूस उंबऱ्याशी येऊन 'या' म्हणाले पाहिजे.

दोन पावसाळ्यांनी प्रांताच्या कायदेमंडळाची निवडणूक आली. आत्याने हळदीच्या अक्षता केल्या, वाटीत घेतल्या आणि मतदाराचे एकेक घर घेतले. "बुदवारी शाळंत मत हाय. समद्यांनी यायचं. हे आग्रहाचं." मत काही सगळ्यांना नव्हते, ठरावीक सारा भरणाऱ्यांना होते, आणि नव्या कायद्याने त्यांच्यातल्या काहींच्या बायकांनाही मिळाले होते. आत्याने बायकांना कुंकूही लावले. गावात लग्नसराई आल्यासारखे झाले. माझ्या मनात आले, केंद्र वाचले.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, आणि ती यादीतच होती.

बायकांची नावे लिहायला आधी तलाठी आले होते, तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. ते विचारीत, "मंडळींचे नाव काय?" शेतकरी लाजून म्हणे, "आता नाव काय... घरातली." "अहो, पण हाक कशी मारता?" "अगं म्हंतो." तलाठ्यांनी थोडा वेळ कपाळ चोळले आणि सरळ लिहून टाकले: 'अमुक तमुक याची बायको.' पुढेही तसेच. अशी सगळ्या बायकांची यादी झाली. त्यात एकाही बाईचे नाव नव्हते.

मतदानाच्या दिवशी सकाळीच बायका धुवट लुगडी नेसून आल्या. टेबलाशी साहेब बसले होते. ते पुण्याचे, नवे, नियमाला पक्के. शेजारी यादी घेऊन मी.

"नाव?"

"पारू."

"पारू नाव यादीत नाही. कोणाची बायको? नवऱ्याचे नाव सांगा."

पारूने पदर तोंडात धरला.

मी हळूच म्हणालो, "साहेब, मी ओळखतो. हे बघा, इथे आहे."

"मतदाराने स्वतः सांगितले पाहिजे. हो, सांगा बाई."

पारू बराच वेळ विचार करून म्हणाली, "सायेब, मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी काय येतं?"

"बुधवार."

"त्यातला वार काडा."

"बुध?"

"पुढं जी लावा की. मानसाला मान द्याया नको?"

"प्रश्न मी विचारायचे आहेत!" साहेब ओरडले. पारू घाबरून बाहेर गेली. दुसरी आली. "आळंदीला समादी कुनाची हाय, तुमाला ठावं न्हाई?" असे उलट विचारून ती थांबली. तिसरीने भिंतीवरच्या शंकराच्या तसबिरीकडे नुसते बोट केले. साहेबांनी तिघींनाही परत पाठवले. मागच्या बायकांनी हे बघितले आणि रांग उलटी वळली. नवऱ्याचे नाव परक्या पुरुषासमोर उच्चारण्यापेक्षा मत न दिलेले बरे, असा त्यांचा साधा हिशेब होता.

आत्या तेव्हा कोणा न आलेल्याला आणायला खालच्या आळीला गेली होती. परतताना तिला शाळेकडून घरी निघालेल्या बायका भेटल्या. तिने त्यांना तसेच वळवले आणि पुढे होऊन टेबलापाशी आली.

"सायेब, लगीन झालंय का तुमचं?"

"याचा इथे काय संबंध?"

"झालंय का?"

"झाले आहे."

"मग मंडळींनी तुमचं नाव घेतलं आसंल. कसं घेतलं? सरळ घेतलं का?"

साहेबांचे कान लाल झाले. "उखाण्यात घेतले."

"तुमच्यात उखान्यात चालतं, मग आमच्यात का चालंना?"

साहेबांनी नियमांचे पुस्तक उघडले. पाने पुढे चाळली, मागे चाळली. मतदाराने नाव सांगावे एवढेच त्यात होते. गद्यात सांगावे की पद्यात, याविषयी सरकारने काही म्हटले नव्हते. त्यांनी पुस्तक मिटले.

"बरे. पण आटोपशीर हवे."

आत्याने पारूला पुढे ढकलले. "घे."

पारूने खाली बघत म्हटले,

"आंदर मावळचा भात, वास सुटे शेतात,
बुधाजीरावांचं नाव घेते, चिठ्ठी द्या हातात."

बाहेर एकच हशा उठला. साहेबांनी चिठ्ठी दिली. आमच्या गावातल्या बाईने दिलेले ते पहिले मत, आणि ते यमकात होते, याचा मला आजही अभिमान वाटतो.

मग काय विचारता! आळंदीवाली आली:

"इंद्रायणीच्या काठावर टाळ वाजे छान,
ज्ञानोबारावांचं नाव घेते, राखा माझा मान."

जिला येत नव्हता तिला आत्या दाराबाहेर उभ्या उभ्या रचून देत होती. "तुज्या मालकाचं नाव काय, महादू न्हवं? मग 'नंदी'वर घे. सोपं पडतं." एकीने यमक जुळेना म्हणून नवऱ्याचे नावच बदलू का, असे विचारले. आत्या म्हणाली, "नाव ऱ्हाऊ दे, नंदी बदल."

आणि मग जे झाले ते कोणाच्याच ध्यानीमनी नव्हते. बायका शाळेत नावे घेत आहेत, ही बातमी शिवारात गेली. अक्षता देऊनही जे बांधावर बसून राहिले होते ते नवरे पळत आले. घरात वर्षानुवर्षे 'अवो' आणि 'ऐकलं का' यावर काढलेली माणसे ती. आपले नाव बायकोच्या तोंडून ऐकायची संधी कोण सोडील? गेनू म्हातारासुद्धा काठी टेकीत आला. म्हातारी नाव घेऊन गेली की काय, हीच त्याची काळजी. आला तो आला, मतही देऊन गेला. आल्यावर मत दिल्याशिवाय आत्या कोणाला हलू देत नव्हती.

केंद्राचे काय झाले ते इथेच सांगून टाकतो. ते आमच्याच शाळेत राहिले. आमच्याइतके भरलेले केंद्र त्या भागात दुसरे नव्हते, असे साहेबच म्हणाले.

दिवस कलला. पेटी बंद करायची वेळ जवळ आली. साहेब आता पुरते रंगले होते; दोन उखाणे त्यांनी खिशातल्या कागदावर उतरूनही घेतले होते. मी यादीवरून बोट फिरवीत होतो. बायकांत एकच ओळ कोरी होती: 'किसन सखाराम याची बायको.'

मी वर बघितले. आत्या दारात उभी होती. तिला माझे बोट कुठे थांबले आहे ते दिसले असावे.

"आत्या, तुमचे मत," मी म्हणालो.

साहेब हसून म्हणाले, "या, या! इतक्यांना शिकवलेत. तुमचा उखाणा सगळ्यांत चांगला झाला पाहिजे."

त्यांना काही ठाऊक नव्हते. बाहेरचा हशा थांबला. पारूने मान खाली घातली. पाटलांनी उगाच फेटा सारखा केला. ते नाव गावात तिच्यासमोर कोणी घेत नव्हते, आणि आता ते तिने स्वतः घ्यायचे होते, नाहीतर मत न देता परत जायचे होते. मी साहेबांच्या कानाशी वाकलो. पण तेवढ्यात ती टेबलापाशी आलीसुद्धा. एवढ्या वर्षांत तिला डोक्यावरून नीट पदर घेतलेले मी पाहिले नव्हते. तो तिने दोन्ही हातांनी सारखा केला आणि नव्या नवरीसारखी खाली बघत उभी राहिली.

"घाटातल्या इंजिनाचा ऐकू येतो सूर,
किसनरावांचं नाव घेते, असोत कितीबी दूर."

हा तिने तेवढ्यात रचला, की तो इतकी वर्षे तिच्याजवळ तयारच होता, मला सांगता येणार नाही. साहेबांना काय समजायचे ते समजले असावे, कारण चिठ्ठी देताना ते उठून उभे राहिले. तिने ती घेतली, पेटीत टाकली आणि बाहेर येऊन बायकांवर खेकसली, "काय बघता? धारा कोन काडनार? जावा घरी."

पेटीला लाखेची मोहोर लागली. गाडी कामशेतच्या रस्त्याला लागली. मी शाळेला कुलूप लावीत होतो, तेव्हा आत्या जवळ आली.

"मास्तर, समदी नावं घेतली, ती यादी आता कुटं जाती?"

"वडगावच्या कचेरीला. तिथून पुण्याला."

"इगतपुरीला न्हाई जात?"

"नाही, आत्या."

"बरं झालं," ती म्हणाली. पण ते तिने लगेच म्हटले नाही.