सोफ्यांचं दुकान आणि बसायला मनाई

सोफा कसा विकावा हे कोणीही मला विचारावं. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याच्या चालण्यावरून मी सांगायचे, हा दोघांचा घेणार की तिघांचा, आणि तिघांचा घेतला तर तिसऱ्या जागेवर सासू बसणार की कुत्रा. माझा अंदाज कधी चुकला नाही. आता माझ्या गुडघ्यांना विचाराल तर ते दुसरीच कहाणी सांगतील, पण त्यांचं बोलणं फारसं मनावर घेऊ नका. ते त्या दुकानातच कामातून गेले.

परवा नात ऑफिसातून आली ती पर्स आपटूनच. म्हणाली, आजी, आमचा मॅनेजर आता चहाला उठलेल्यांचीही मिनिटं मोजायला लागलाय. मी म्हटलं, बाळ, तुला उठायला आधी बसायला तरी मिळतं! मग तिला आमच्या दुकानाची गोष्ट सांगितली, आणि ती इतकी हसली की म्हटलं, तुम्हालाही सांगून टाकावी.

आमचं दुकान होतं फर्निचरचं. रस्त्याकडची सगळी भिंत काचेची, आणि आत जिकडे पाहाल तिकडे बसायची सोय. सोफे, आरामखुर्च्या, झुलत्या खुर्च्या, जेवणाच्या टेबलाभोवती मान ताठ करून बसलेल्या खुर्च्या, पलंग, दिवाण. आणि ह्या सगळ्यांच्या मधोमध आम्ही, निळे एप्रन घालून, सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभे. हलवायाच्या दुकानात उपाशी राहावं तशी आमची गत.

उभं राहायचा हा नियम टाचणींचा. टाचणी म्हणजे आमचे मॅनेजर. देहाने बारीक, डोकं मात्र गोल आणि चकचकीत, आणि कुठे टोचतील त्याचा नेम नाही. त्यांचं म्हणणं असं की नोकर बसला की धंदा बसतो. ते वर काचेच्या केबिनमध्ये असायचे आणि मांजराच्या पावलांनी खाली येऊन खुर्च्यांवर हात ठेवत फिरायचे. खुर्ची गरम लागली की त्या विभागाचा पगार कापलाच. एकदा दुपारच्या उन्हाने दिवाण तापला, तर दिवाणवाल्याला त्यांनी कामावरून काढलं. त्या गरिबाने सूर्याकडे बोट दाखवलं. टाचणी म्हणाले, वर बोट दाखवू नकोस, ही अरेरावी आहे.

आमची नावं त्यांना ठाऊक नव्हती. ते विभागावरून हाक मारायचे. मी सोफा. पॉलिशवाले काका म्हणजे डबा. माझ्या शेजारी पलंगांच्या विभागात आक्का होती, तिला ते म्हणायचे, "पलंग, तुझं तोंड फार चालतं."

तोंड चालायचं हे खरंच. पण काय बाई होती हो ती! आवाज कधी चढला नाही, पदर कधी ढळला नाही आणि मान कधी खाली गेली नाही. दुकानात आगीचा बंब शिरला असता तरी आक्काने त्याला आधी पाय पुसायला लावले असते. आजही काही अवघड आलं की मी मनात म्हणते, आक्का असती तर काय केलं असतं? बहुतेक वेळा उत्तर येतं, आधी पाणी प्यायली असती.

आरशांच्या विभागात धाकटी होती. तिला सातवा महिना चालू होता. नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला, घर तिच्या एकटीच्या पगारावर. बाळंतपणाची रजा मिळायला अजून काही आठवडे काढायचे होते. त्याआधी नोकरी गेली की रजाही गेली आणि पगारही. तिचे पाय संध्याकाळपर्यंत असे सुजायचे की चपलेचा अंगठा मांसात रुतून बसायचा. तिने टाचणींकडे साधं स्टूल मागितलं. ते म्हणाले, बसायचं असेल तर घरी बस, कायमची.

त्या दिवशी मला कल्पना सुचली. होय, मलाच. आक्काने नंतर सुधारली, पण मूळ माझी. ह्या दुकानात बसायची परवानगी कोणाला? गिऱ्हाइकाला. मग धाकटीला गिऱ्हाईक करू!

आमच्याकडे विसरलेल्या वस्तूंचं एक कपाट होतं. गिऱ्हाइकं काय काय विसरून जातात! त्यात एक लांब मखमली कोट होता, मोठ्या काचांचा गॉगल होता, आणि मगरीच्या कातड्याची वाटावी अशी पर्स. धाकटीने गोदामात एप्रन उतरवला, हे सगळं अंगावर चढवलं, मागच्या दाराने बाहेर पडून वळसा घातला आणि पुढच्या दाराने आत आली. मी अदबीने दार उघडलं. ती माझ्या सगळ्यात मऊ सोफ्यावर बसली आणि तिच्या तोंडून असा एक सुस्कारा निघाला की जवळच उभे असलेले पॉलिशवाले काका डोळे पुसत पाठमोरे झाले.

टाचणी ओळखतील ही भीती मला होती. आक्का म्हणाली, ज्याने कधी तोंडाकडे पाहिलंच नाही तो ओळखणार कशावरून? आणि झालंही तसंच. टाचणी खाली आले, तिला पाहिलं आणि थबकले. कोटाकडे पाहिलं, पर्सकडे पाहिलं. मग मला कोपराने बाजूला सारून स्वतः पुढे झाले. पाठीशी उशी ठेवली. पाय ठेवायला छोटी चौरंगी सरकवली. धाकटी घाबरून एवढंच पुटपुटली की विचार करायला वेळ लागेल.

"घ्या की मॅडम," टाचणी म्हणाले, "विचार नेहमी बसूनच करावा."

ती गेल्यावर त्यांनी सोफ्यावर हात ठेवला. गरम होता. "पसंत पडलाय," ते मला म्हणाले, आणि त्या गरम जागेवरून त्यांनी असा हात फिरवला की बघवेना.

बस्स, मग काय! धाकटी रोज दुपारी येऊ लागली. कॉफी येऊ लागली, कॉफीबरोबर बिस्किटं येऊ लागली. अडचण एकच होती, आरशांच्या विभागात उभं कोण राहणार? तिथे आक्का उभी राहायची. मध्येच पलंग, मध्येच आरसे. टाचणी वरून पाहायचे तर त्यांना आरशांत निळेच निळे एप्रन दिसायचे, एका आक्काचे सात. एकदा ते खूश होऊन म्हणालेही, की आरसे हल्ली चांगलं काम करतात, विभाग भरलेला दिसतो.

इथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते बंगल्यावरून. टाचणींनी विचारलं, घर केवढं आहे? धाकटीच्या तोंडून निघून गेलं, बंगला आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, किती मजली? धाकटी सरळ मनाची पोर, खोटं बोलायची सवय नाही. आणि सवय नसलेला माणूस खोटं बोलायला लागला की त्याला थांबायचं कुठे ते कळत नाही. बंगल्यावर रोज एक मजला चढू लागला. पाहुण्यांच्या खोल्या आल्या, वाचनाची खोली आली, नुसतं बसायला म्हणून एक खोली आली. मी मागून खुणा करत होते, पुरे, पुरे! तिला वाटलं, मी म्हणतेय आणखी. तिने गच्चीवर वेताच्या खुर्च्या मांडल्या.

टाचणींनी तडक मालकांना फोन लावला. अख्ख्या बंगल्याचं फर्निचर जाणार, तुम्ही स्वतः या.

मालक म्हणजे फार मोठं प्रकरण. वर्षातून एखादेवेळी यायचे, हातात काठी, बोलणं कमी. ते येणार हे आम्हाला कळलं ते आल्यावरच. दुपारची वेळ, धाकटी कोट घालून सोफ्यावर, पाय चौरंगीवर, हातात बिस्कीट. दारात गाडी थांबली. टाचणी जिना उतरत ओरडले, सगळ्यांनी आपापल्या विभागासमोर ओळीने उभं राहा! आम्ही राहिलो. मालक आत आले, त्यांनी धाकटीला मान लववून नमस्कार केला, आणि मग आमच्या ओळीकडे पाहून विचारलं, आरशांकडे कोणी दिसत नाही?

टाचणींनी पाहिलं. आक्का पलंगांसमोर उभी होती, त्यामुळे आरशांत चिटपाखरू नव्हतं.

"आरसे कुठे गेली?" त्यांनी विचारलं. आम्ही सगळे छताकडे पाहत राहिलो. मालकांसमोर शोभा झालेली, त्यामुळे टाचणींच्या डोक्याला आणखी चकाकी आली. ते म्हणाले, "काम सोडून हिंडते काय? साहेब, तिला आजच्या आज नारळ. आत्ता समोर नसेल तर तिची नोकरी संपली."

आता पाहा हं, धाकटीची काय अवस्था झाली असेल! उठून पुढे यावं, तर नोकर असून बसली म्हणून नोकरी जाणार. बसून राहावं, तर कामावर नाही म्हणून जाणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये तो मऊ सोफा! तिने गॉगल काढला. चेहरा पांढराफटक. सोफ्याच्या हाताला धरून ती उठायला गेली आणि पुन्हा आत गेली. पुन्हा उठायला गेली, पुन्हा आत. मी त्या सोफ्याचं गुणगान गायचे ना, की एकदा बसलात की उठावंसं वाटणार नाही? उठताच येत नव्हतं बिचारीला.

मी नुसती उभी. पुढे झाली ती आक्का. तिने एप्रनची गाठ सोडली, एप्रन नीट घडी करून हातावर घेतला, जशी काही घरच्याच कपड्यांची घडी करतेय, चालत गेली आणि धाकटीच्या शेजारी सोफ्यावर बसली.

"आरसे इथे बसल्यात, साहेब," ती म्हणाली. "आणि आता पलंगही बसला."

टाचणी एवढंच म्हणाले, "ऊठ."

"उठते. आधी एक सांगा. इतके दिवस तुम्ही हिच्या पायाखाली स्वतःच्या हाताने चौरंगी सरकवलीत. तेव्हा तुम्हाला हिचे सुजलेले पाय दिसले. तेच पाय एप्रनखाली तुम्हाला का दिसले नाहीत?"

आणि मग माझ्या अंगात काय आलं कोण जाणे, मीही जाऊन बसले. त्या सोफ्यावर मी पहिल्यांदाच बसत होते. इतकी वर्षं मी त्याच्याबद्दल जे जे सांगितलं होतं ते सगळं खरं निघालं! पॉलिशवाले काका जेवणाच्या टेबलाशी बसले. मग बाकीचे बसले, जो तो आपापल्या विभागात. उभे राहिले फक्त दोघं, मालक आणि टाचणी.

मालकांनी धाकटीकडे पाहिलं. म्हणाले, "बरं वाटतंय का बसून?"

"बरं वाटतंय, मालक," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "पण मला आता कोणीतरी उठवा."

नेमकं तेव्हाच दार उघडलं आणि एक जोडपं आत आलं. काचेतून पाहत उभं होतं म्हणे. त्या बाईने सरळ धाकटीच्या सोफ्याकडे बोट केलं आणि नवऱ्याला म्हणाली, मला हाच हवा, ह्या बाई बघ किती निवांत बसल्यात. निवांत! पोरीच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांच्या मागून आणखी दोघं आली, त्यांना काकांचं जेवणाचं टेबल आवडलं. एवढी वर्षं लोक काचेतून रिकाम्या खुर्च्या आणि रांगेत उभे निळे एप्रन बघून पुढे जात होते. त्या दिवशी त्यांना घर दिसलं.

मालक दाराशी काठी टेकून हे सगळं पाहत राहिले. जाताना एवढंच म्हणाले, कोणालाही काढायचं नाही. ह्या पोरीला तर मुळीच नाही.

धाकटीची नोकरी राहिली. रजाही मिळाली. मुलगी झाली, गोरीगोमटी, आणि आक्काने तिच्यासाठी स्वतः दुपटी शिवून नेली. त्या बंगल्याचं काय झालं हे टाचणींनी कधी विचारलं नाही आणि आम्हीही काढलं नाही.

मी नातीला म्हटलं, बघ, एक माणूस धीराने बसला आणि सगळं बदललं. नात म्हणाली, मग पुढे मजाच असेल तुमची.

आता तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? मालकांनी काढायचं नाही म्हटलं होतं, ते टाचणींनाही लागू पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचतो तर ते दारातच उभे. म्हणाले, नवा नियम. बसलेला माणूस माल खपवतो. यापुढे सगळ्यांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायचं, चेहरा निवांत ठेवायचा, आणि परवानगीशिवाय उठायचं नाही.

बसलो! आक्का पलंगावर पाय लांब करून, मी सोफ्यात रुतून, काका त्या ताठ खुर्चीत. पाठीला कळ, पायांना मुंग्या, आणि चेहरा निवांत. आठवडाभरात आक्का स्वतः वर जाऊन थोडा वेळ उभं राहायची सवलत मागून आली. मिळाली नाही.

आणि संध्याकाळी मी घरी जायचे तेव्हा आमचे हे, बिचारे इतके मायेचे, दारातच खुर्ची सरकवून म्हणायचे, "ये, बस जरा. दिवसभर उभी राहून दमली असशील."

लग्नाला किती वर्षं झाली होती, पण नवऱ्याशी खरं कडाक्याचं भांडण मी तेव्हा पहिल्यांदा केलं. तेही उभ्या उभ्या.