दत्तोपंतांचं नाक आणि कोकणची हवा

दारू लपवता येते, वास लपवता येत नाही!

हे वाक्य दत्तोपंत देवपुजारींनी समुद्रपूरच्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात आणि एकदा तर तेराव्याच्या पंगतीतसुद्धा ऐकवलेलं होतं. आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा. म्हणजे दारू बंद आहे असं सरकार म्हणतं; आणि तरीही वरातीत नवरदेवाचे मामा रस्ता सोडून नालीत का नाचतात, ते दत्तोपंतांचं नाक सांगतं. मास्तरकी करत होते तेव्हा शेवटच्या बाकावरचा तंबाखू-सुपारीचा खर्रा ते फळ्याकडे तोंड करून पकडायचे. निवृत्त झाल्यावर व्यसनमुक्ती मंडळाचे सचिव झाले आणि गावातल्या बँडवाल्यांनी त्यांच्या गल्लीतून जाणंच सोडलं.

नाक असं तल्लख, पण गुडघे पार कामातून गेलेले. मंडळाच्या ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना ते असे कण्हायचे की आतली सभा थांबायची. मंडळाचे अध्यक्ष बंडूजी हे गावातले जुने किराणा व्यापारी. वयाने दत्तोपंतांपेक्षा दहा वर्षांनी मोठे, पण गेल्या वर्षी कोकणात जाऊन आले आणि तेव्हापासून हरणासारखे चालू लागले.

"कोकणात जा, मास्तर!" बंडूजी म्हणाले. "हवा बदला. माह्ये गुडघे पाहा!" आणि गल्ल्यामागे त्यांनी चक्क एक बैठक मारून दाखवली.

दत्तोपंतांनी मात्र नाकाला रुमाल लावला. बंडूजींना वर्षभरापासून अत्तराचा भयंकर शौक जडला होता. त्यांच्या दुकानात हल्ली हिंगाचासुद्धा वास येत नसे.

सुमतीबाईंनी हा सल्ला लगेच उचलून धरला. "जन्म समुद्रपुरात गेला अन् समुद्र काही पाहिला नाही. चला!" पुण्याच्या मुलाने, सुमीतने, एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचं फिरतं घर करून ठेवलंच होतं, ते त्याने समुद्रपूरला आणून दिलं. आत पलंग, ओटा, शेगडी, खिडक्यांना पडदे, कोपऱ्यात न्हाणी. क्लच दाबला की दत्तोपंत 'आई गं' म्हणायचे, म्हणून गाडी सुमतीबाईंनी चालवायची ठरली. पंचायत समितीतून निवृत्त झाल्यावर त्या हौसेने गाडी शिकल्या होत्या आणि एसटीच्या ड्रायव्हरलाही हात दाखवून मागे थांबवायच्या. परत येण्याच्या संध्याकाळी मंडळाने दत्तोपंतांचा सत्कार ठेवला होता: 'व्यसनमुक्ती भूषण'. शाल, श्रीफळ आणि भाषण. भाषणाचं पहिलं वाक्य कोणतं असणार, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

केळझरच्या गणपतीपुढे गाडीला नारळ फोडला आणि दोघं निघाली.

वेंगुर्ल्याच्या अलीकडे, सुरूच्या बनात, शकुंतलाबाई नावाच्या एका म्हातारीच्या अंगणाशेजारी त्यांनी गाडी लावली. समोर समुद्र, मागे काजूची झाडं. दत्तोपंत तासभर लाटांकडे बघत उभे राहिले आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांना अशी सर्दी झाली की ते नाक, ते जिल्हाप्रसिद्ध नाक, ठार बंद पडलं! त्या रात्री सुमतीबाई म्हातारीच्या स्वयंपाकघरातून एक बाटली घेऊन आल्या.

"काय आहे?"

"काढा. गुडघ्याले चोळायचा."

"कशाचा?"

"झाडाचा," सुमतीबाई म्हणाल्या. "तुम्ही झोपा. मी चोळते."

दत्तोपंत पाठ टेकली की घोरायचे. ते घोरत असताना सुमतीबाईंनी काढा चोळला, वर लोकरीचे पट्टे चढवले आणि तेव्हापासून हा नेमच झाला. दिवसासुद्धा ते पट्टे पायजम्याच्या आत असायचे.

सर्दी उतरली त्या सकाळी दत्तोपंत पलंगावर ताडकन उठून बसले. नाक उघडलं होतं, आणि नाकात वास होता. आंबूस, गोडसर, उग्र. चुकीला जागाच नाही!

गाडीत माणसं दोन. त्यातला एक व्यसनमुक्ती मंडळाचा सचिव. मग राहिलं कोण?

ओट्याशी सुमतीबाई पोहे परतत होत्या. चक्क गुणगुणत होत्या! बत्तीस वर्षांच्या संसारात ही बाई पोहे परतताना कधी गुणगुणली नव्हती. गालही लालबुंद! (ते उन्हाने झाले होते, पण संशय एकदा डोक्यात शिरला की उन्हाला कोण विचारतो!)

"सुमती, जरा इकडे ये."

"काय झालं?"

दत्तोपंतांनी तोंड पुढे करून जोरात श्वास घेतला.

"अहो! सकाळी सकाळी काय हे!" सुमतीबाई लाजून मागे सरकल्या. लाजल्या! म्हणजे नक्कीच काहीतरी लपवत होत्या.

त्या दिवशी त्या विहिरीवर गेल्या तेव्हा दत्तोपंतांनी गाडीची झडती घेतली. पिठाचा डबा पाहिला, लोणच्याची बरणी हुंगली, गॅसच्या टाकीमागे हात घातला, उश्या पिळल्या. फळीवर काढ्याची बाटली होती, ती बाजूला सारून त्यांनी मागे पाहिलं. काही नाही! आणि वास मात्र होताच. पलंगाशी गेले तर पलंगाशी, न्हाणीत गेले तर न्हाणीत. बाहेर येऊन वाळूत उभे राहिले तर भर वाऱ्यातसुद्धा होता.

दुपारी सुमतीबाई फोनवर मुलीशी, वेदश्रीशी, हळू आवाजात बोलत होत्या. दत्तोपंत पडद्याआड उभे राहिले.

"हो गं, रोजच. रात्री. नाही, त्यांना नको सांगू, आकाशपाताळ एक करतील. पण काय बरं वाटते म्हणून सांगू!"

दत्तोपंतांनी पडदा घट्ट धरला. रोजच! रात्री! आणि बरं वाटते! पोरीलाही माहीत!

मग ते देवळात गेले, मन शांत करायला. सुमतीबाई गाडीतच होत्या. पुजारी तीर्थ द्यायला वाकला आणि दत्तोपंत थरारले. तोच वास! पुजारीसुद्धा! बाहेर आले तर नारळवाल्यापाशी तोच वास. पेट्रोल भरणाऱ्यापाशी तोच. गावच्या शाळेत सहज डोकावले तर मुख्याध्यापक हात जोडून पुढे आले, आणि काय सांगू मंडळी, मुख्याध्यापकांनासुद्धा!

"अख्खं कोकण पितं, सुमती!" गाडीत शिरत दत्तोपंत कळवळून म्हणाले. शेवटचं वाक्य त्यांनी तिच्याकडे रोखून पाहत टाकलं: "आणि बाहेरून आलेलीही प्यायला लागतात."

"कोण बाहेरून आलं?" सुमतीबाईंनी विचारलं. केवढा तो साळसूदपणा!

परतीच्या वाटेवर आंबोलीचा घाट लागला. एका बाजूला जंगलाने भरलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये धुकं आणि स्टेअरिंगवर सुमतीबाई. काचा बंद होत्या. वास असा दाटला की दत्तोपंतांना घाम फुटला. बायको पिऊन गाडी चालवते आहे!

"सुमती, गाडी थांबव."

"वळणावर? मागून ट्रक येऊन राह्यला."

"मी म्हणतो थांबव!"

पुढे जरा रुंद जागा पाहून त्यांनी गाडी थांबवली. दत्तोपंतांनी त्यांच्या डोळ्यांपुढे हात धरला. "ही किती बोटं आहेत?"

"काऊन? तुमाले दिसून नाही राह्यलं का?" सुमतीबाई घाबरल्या. "अहो, हात उचलून दाखवा बरं दुसरा! हसून दाखवा! तोंड वाकडं तर नाही ना होत?"

"माझं सोड. एकोणतिसाचा पाढा म्हण."

सुमतीबाईंनी पाढा म्हटला. खाडखाड, एका दमात, कुठेही न अडखळता. इतकी पिऊनही जीभ वळते, म्हणजे सराव किती असेल! बिचारी आजची नाही, मुरलेली आहे!

तिथून पुढे कोल्हापुरात वास होता, सोलापुरात होता, नांदेडच्या धाब्यावर होता. यवतमाळला एका ज्येष्ठ गांधीवादी कार्यकर्त्यांना भेटायला थांबले तर तिथेही! दत्तोपंतांनी त्यांच्याकडे चहासुद्धा घेतला नाही. महाराष्ट्र बुडाला होता आणि ते एकट्या दत्तोपंतांना कळलं होतं.

पण महाराष्ट्राचं दुःख एका बाजूला आणि सुमतीचं एका बाजूला. शेवटच्या दिवशी वर्धा नदी जवळ येऊ लागली तसा त्यांचा जीव खालीवर व्हायला लागला. पुलापलीकडे आपला जिल्हा, आणि पुलाच्या तोंडाशीच पोलिसांचा नाका. दारू सापडली की गुन्हा, आणि संध्याकाळी तर 'व्यसनमुक्ती भूषण'! त्यांनी शेजारी पाहिलं. सुमतीबाई पदराने कपाळ पुसत गाडी चालवत होत्या. या बाईने आपल्या आजारी आईचं सगळं केलं, आपला विक्षिप्तपणा सोसला, कधी एक शब्द बोलली नाही. तिला एकटं वाटलं असेल. आपणच कधी विचारलं नाही. ठरलं! जे सापडेल ते आपलं म्हणायचं. सत्कार गेला खड्ड्यात.

नाक्यावर पोट सुटलेल्या एका हवालदाराने काठी आडवी केली.

"गुरुजी! ओळखलं नाई का? मी धनंजय! तुम्ही मले खर्र्यापायी पन्नास उठाबशा काढायले लावल्या होत्या!"

सगळे सोडून हाच! धनंजयने गाडीच्या दारात डोकं घातलं आणि त्याच्या नाकपुड्या फुगल्या. शिष्य कोणाचा!

"गुरुजी, वास येऊन राह्यला हो."

दत्तोपंत खाली उतरले, छाती पुढे काढून म्हणाले, "धनंजय, हिचा काही दोष नाही. गाडीत जे सापडेल ते माझं. मी पितो."

"अहो!" सुमतीबाई किंचाळल्या. "काय बोलून राह्यले तुम्ही?"

धनंजय गाडीत चढला, इकडेतिकडे फिरला, उतरला. पुन्हा चढला. डोकं खाजवत म्हणाला, "गुरुजी, गंमतच आहे. आता गाडीत वास कमी झाला. तुम्ही उतरले तसा तो बी उतरला." तो दत्तोपंतांच्या तोंडाशी आला. "तोंडाले नाई." मग छातीशी, मग पोटाशी, आणि वाकत वाकत थेट खाली. "गुरुजी... गुडघ्याले!"

सुमतीबाई स्टेअरिंग सोडून खाली उतरल्या.

"काजूची फेणी आहे," सुमतीबाई हळूच म्हणाल्या. "शकुंतलाबाईंनी दिली. तिकडे गुडघ्याले तेच चोळतात म्हणे. तुम्हाले सांगितलं असतं तर तुम्ही गुडघे तोडून समुद्रात फेकले असते. शिल्लक होती तेवढी सगळी आजच सकाळी, तुम्ही उठायच्या आधी चोळली. संध्याकाळी स्टेजवर चढायचं आहे ना तुम्हाले!"

बाटली आणली. रिकामी, कोरडी ठाक. धनंजयने ती उलटी करून पाहिली. "आता गुन्हा कोणावर लावू? गुडघ्यावर?" मग त्याच्या चेहऱ्यावर जुनं हसू पसरलं. "गुरुजी, तपास तर करा लागन. दोन उठाबशा काढून दाखवा."

दत्तोपंतांनी निमूटपणे कान धरले आणि खाली बसले. बसले ते 'आई गं' न म्हणता बसले, आणि उठले ते कशाचाही आधार न घेता उठले! त्यांना स्वतःलाच खरं वाटेना. म्हणून त्यांनी न सांगता आणखी चार काढल्या.

गाडी सुरू झाली. वडनेर मागे पडलं. मग सुमतीबाई समोर बघतच म्हणाल्या, "म्हणजे घाटात तुम्हाले वाटलं, मी पिऊन आहे?"

दत्तोपंतांनी मान हलवली.

"तरी शेजारी बसून राहिले."

"उतरून कुठे जाणार होतो!"

"अन् नाक्यावर? तेव्हा तर उतरले होते. तेव्हा काऊन म्हणाले, मी पितो?"

"चुकलं माझं, सुमती," दत्तोपंत बाहेरच्या कपाशीकडे बघत म्हणाले. सुमतीबाईंनी पदराने डोळे पुसले आणि नंतर खुदकन हसल्या. "बरं. आता ते पट्टे काढा. सत्कार आहे."

"स्टेजला पायऱ्या आहेत गं," दत्तोपंत म्हणाले. पट्टे तसेच राहिले.

संध्याकाळी शाळेचं सभागृह भरलं होतं. दत्तोपंत तरातरा पायऱ्या चढले तेव्हा टाळ्या पडल्या, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते खुर्ची मागे, आणखी मागे सरकवत होते. पहिल्या रांगेत कोणी नाक खाजवलं की त्यांच्या छातीत धस्स होई. जन्मभर त्यांनी लोकांना हुंगलं होतं. आज अख्खं गाव आपल्याला हुंगतंय असं त्यांना वाटत होतं.

अध्यक्ष बंडूजी अत्तराचा दरवळ घेऊन पुढे आले. शाल घातली. नारळ दिला. मागे सरकण्याच्या नादात दत्तोपंतांच्या हातातून तो सटकला आणि घरंगळत गेला. तो उचलायला दोघंही एकाच वेळी खाली बसले. सपशेल, उकिडवे, एकदम! नाकं एकमेकांच्या गुडघ्यांशी आली, जिथपर्यंत अत्तर पोचलं नव्हतं.

दत्तोपंतांनी वास घेतला. बंडूजींनीही घेतला. दोघं नारळाला हात लावून तसेच बसून राहिले. माईकपाशी कोणीतरी म्हणत होतं, या वयात काय ही लवचिकता!

"कोकणची हवा का, मास्तर?" बंडूजी ओठ न हलवता पुटपुटले.

"हवा," दत्तोपंत म्हणाले.

त्या दिवशीचं भाषण छान झालं असं सगळे म्हणतात. फक्त ते एक वाक्य त्यात आलं नाही. आणि खाली उतरताना बंडूजींनी त्यांचा हात दाबून कानात सांगितलं, "उद्या दुकानात येजा. अत्तर देतो."